तलवारीचा लेसर झाला, डाव तोच राहिला

मुलांच्या खेळांचा विषय निघाला की आपल्या बैठकांत दोनच सूर ऐकू येतात. पहिला, 'मोबाइलने पोरं वाया गेली.' दुसरा, 'आधी पाणी, रेशन, मारहाणीच्या केसेस. खेळ कसले घेऊन बसलात?' पहिल्या सुरात काळजी आहे, पण ती डोळे मिटून केलेली काळजी आहे. पडद्यावर नेमकं काय चाललंय ते बोलणारीनं बहुधा बघितलेलंच नसतं. दुसरा सूर तर आपल्याला ज्यांनी कायम मागं ठेवलं त्यांच्याकडून आपण शिकलो आहोत. 'आधी स्वातंत्र्य, मग बायकांचं बघू', 'आधी कामगारांचा लढा, मग बायकांचं बघू' हे ऐकत ऐकतच आपली चळवळ उभी राहिली. तेच वाक्य आज आपण आपल्या लेकींना ऐकवतो आहोत.

कल्पनेतल्या गोष्टींना जाब विचारणं हा रिकामपणचा उद्योग नव्हे. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली तेव्हा त्यांनी पुराणातल्या देवांना सोडलं नाही आणि त्यांच्या काळच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या-नाटकांनाही सोडलं नाही. समोर एका विधवेला झालेल्या शिक्षेचा खटला होता, तरी त्या पोथ्यांपर्यंत आणि कादंबऱ्यांपर्यंत गेल्या. कारण त्या खटल्यातला न्याय कुठून आला हे त्यांना दिसत होतं.

आज त्या कादंबऱ्यांची जागा खेळांनी घेतली आहे. आणि खेळ म्हणजे पबजी आणि फ्री फायर एवढंच नव्हे. आजच्या कितीतरी खेळांच्या मुळाशी एक कागद-पेन्सिलीचा खेळ आहे, तो आधी समजून घेऊ. त्याचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली तो काढला. चारसहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक सोंग घेतो: योद्धा, जादूगार, चोर, पुरोहित. एक जण सूत्रधार होतो. तो सांगतो, 'समोर भुयार आहे, आतून गुरगुर ऐकू येते, काय करता?' आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो आणि त्यावर बळ, बुद्धी, चपळाई यांचे आकडे असतात.

मंगळागौरीला सासू-सुनेचं सोंग घेऊन जी नाचली आहे तिला यात नवल वाटायचं कारण नाही. सोंग घ्यायचं, तावातावानं बोलायचं, पुढं काय होतं ते बघायचं. फरक एवढाच की आपल्या सोंगांना आकडे नव्हते. हे आकडे आले पटावरच्या लढायांच्या खेळांतून, जिथं बाहुल्यांची सैन्यं मांडून पुरुष मंडळी युद्ध युद्ध खेळत. आणि आकड्यांनी मोठा फरक पडतो. गोष्ट ऐकताना 'छे, असं कुठं असतं' असं म्हणता येतं. नियम मात्र मानल्याशिवाय डावात बसताच येत नाही.

आता हे राजा-राक्षसांचे डाव अंतराळात नेले जात आहेत. हे कालपरवाचं नाही. १९७६ सालीच 'मेटामॉर्फोसिस अल्फा' नावाच्या खेळात भुयाराचं भलंमोठं अवकाशयान झालं. खोल्या तशाच, खोलीतले राक्षस तसेच, फक्त त्यांना किरणोत्सर्गानं बिघडलेले प्राणी म्हणायचं. १९८७ साली ब्रिटनमध्ये 'वॉरहॅमर ४०,०००' आला, त्यात परीकथेतले ऑर्क आणि एल्फ नाव-स्पेलिंग बदलून अंतराळात गेले आणि बुटके खाणकरीही त्यांच्या मागोमाग गेले. १९८९ च्या 'शॅडोरन'मध्ये तेच ऑर्क आणि एल्फ कंपन्यांच्या राज्यात, अंगात यंत्रं बसवून फिरू लागले. २०१७ च्या 'स्टारफाइंडर'मध्ये जादूगाराला टेक्नोमॅन्सर म्हणतात. काठीची बंदूक, घोड्याचं यान, जंगलाचा ग्रह. भाषांतर पूर्ण!

माझं भांडण या भाषांतराशी आहे. वस्तूंची नावं बदलली जातात. आणि ज्यांना नाव नाही, जे नियमांत मुरलेलं आहे, ते जसंच्या तसं पुढच्या युगात जातं.

जुन्या काळच्या खेळात बाई दुबळी का, असं विचारलं की उत्तर तयार असतं: 'तो काळच तसा होता.' हे उत्तरही खोटंच आहे, कारण आग ओकणारे ड्रॅगन ज्या काळात उडत होते असा कुठला काळ इतिहासात नाही. पण घटकाभर चालवून घेऊ. विज्ञानकथेत मात्र ही सबबच उरत नाही. तिथं काळ लिहिणाऱ्यानं स्वतः निर्माण केलेला असतो. ओझं यंत्र उचलतं, गुरुत्वाकर्षण नाही, मूल पोटाबाहेर वाढवायची सोय आहे, माणसं दोनशे वर्षं जगतात, आणि एवढं सगळं बदलूनही कप्तान पुरुष आणि जखमा बांधणारी बाई? ही परंपरेची री ओढणं नाही. ही निवड आहे. लिहिणाऱ्यानं सगळं विश्व पुसून नव्यानं मांडलं आणि एवढी एकच गोष्ट जपून ठेवली.

मी अतिशयोक्ती करते असं वाटत असेल तर आकडे बघा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७८ च्या नियमपुस्तकात मानवी योद्ध्याचं बळ १८ पर्यंत, आणि त्यावर टक्क्यांमध्ये शंभरापर्यंत जाऊ शकत होतं. योद्धा स्त्री असेल तर ५० टक्क्यांवर फाटक बंद. ड्रॅगन चालतो, उडता गालिचा चालतो, मेलेला माणूस मंत्रानं उठतो तेही चालतं. बाईचं बळ मात्र 'वास्तवाला धरून' पाहिजे. हा नियम १९८९ च्या आवृत्तीत गेला. आपोआप गेला नाही. खेळणाऱ्या बायका सुरुवातीपासून होत्या आणि भांडत होत्या.

दुसरी गोष्ट जन्माची. या खेळांत पात्र कुठल्या वंशात जन्मलं त्यावर त्याचे आकडे ठरत. एल्फ जन्मतः चपळ, बुटका जन्मतः चिवट, अर्धा ऑर्क असेल तर लोकांवर छाप पाडण्याचे गुण आधीच दोननं कमी. अंतराळात गेल्यावर याच वंशांना परग्रहवासी म्हणायचं, बाकी तसंच. अमेरिकन वाचकांना यात गोरे-काळे दिसले. आपल्याला काय दिसायला हवं ते मी सांगायला नको. आमचं तळेगाव ढमढेरे भीमा कोरेगावपासून फार लांब नाही. दर १ जानेवारीला तिथल्या विजयस्तंभाला लाखो माणसं येतात ती हेच सांगायला, की जन्मावरून कुणाचा आकडा ठरवायचा नाही. आणि त्याच रस्त्यावरच्या एखाद्या घरात एक मुलगा पडद्यावर पात्र निवडतो आहे: हा वंश घेतला तर ताकद जास्त, तो घेतला तर अक्कल कमी. त्याला कुणी जातिभेद शिकवलेला नाही. त्यानं फक्त नियम वाचले आहेत.

हे बोचतं, आणि बोचतं म्हणूनच बदलतंही. २०२२ साली याच कंपनीनं आपला जुना अंतराळातला खेळ 'स्पेलजॅमर' नव्यानं काढला. त्यात वानरांसारखा एक समाज होता. एका जादूगारानं त्यांना पकडून, गुलाम करून 'सुधारलं' अशी त्यांची पूर्वकथा. कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीची ही सरळ नक्कल आहे असं खेळणाऱ्यांनी ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कंपनीला माफी मागावी लागली आणि तो मजकूर काढावा लागला. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात तर 'वंश' हा शब्दच गेला आणि जन्मावरून मिळणारे आकडे पात्राच्या पूर्वायुष्याला, म्हणजे ते कशात वाढलं, काय शिकलं, याला जोडले गेले. पन्नास वर्षं लागली. पण 'खेळाचे नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ' असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

तिसरी गोष्ट बक्षिसाची. डावात बाई पणाला लावण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. द्रौपदीनं भर सभेत विचारलेला प्रश्न अजून अनुत्तरित आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा मारिओ १९८५ पासून राजकन्येला सोडवतो आहे. २००७ साली हा खेळ अंतराळात नेला, तेव्हा काय केलं? खलनायकानं राजकन्येसकट अख्खा राजवाडा उपटून आकाशात नेला. ग्रहांवर उलटंसुलटं चालायची फार छान कल्पना त्या खेळात आहे, मी नाकारत नाही. गुरुत्वाकर्षणाला उलटं करायची हिंमत झाली. राजकन्येला स्वतःच्या पायांनी बाहेर पडू द्यायची झाली नाही.

त्याच कंपनीनं १९८६ साली 'मेट्रॉइड' काढला. परग्रहावर एकटा लढणारा चिलखती वीर. खेळ संपल्यावर शिरस्त्राण उतरतं आणि कळतं की ही तर बाई आहे. हे ऐकून मलाही टाळी वाजवावीशी वाटली होती. मग पुढचं कळलं. जितक्या कमी वेळात खेळ संपवाल तितके शेवटी तिच्या अंगावर कपडे कमी. म्हणजे ती वीर आहे आणि बक्षीसही तीच आहे! 'खेळात बाई आणा' एवढीच मागणी करणाऱ्या मैत्रिणींनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. बाई तर आणली होती.

आणि आता चौथी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावर कुणीच बोट ठेवत नाही. या खेळांत पात्र मोठं होतं ते 'अनुभवा'वर, आणि अनुभवाचे गुण असतात. सुरुवातीच्या नियमांत ते गुण कशाचे मिळत? राक्षस मारल्याचे आणि लुटून आणलेल्या सोन्याचे. एका मोहरेला एक गुण. जखमी सोबत्याला रात्रभर जागून जगवलं, त्याचे शून्य. सगळ्यांना पुरेल असं अन्न रांधलं, त्याचे शून्य. अंतराळात गेल्यावर सोन्याच्या जागी दुर्मिळ खनिज आलं आणि राक्षसाच्या जागी त्या ग्रहावर आधीपासून राहणारं कुणीतरी. हिशेब तोच.

या हिशेबाशी आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत. सरकारची २०२४ ची वेळवापर पाहणी सांगते की घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते. असं काम करणारा पुरुष ८८ मिनिटं. जनगणनेत आणि राष्ट्रीय उत्पन्नात या मिनिटांना काय किंमत आहे ते आपल्याला ठाऊक आहे. खेळातही तेवढीच. आठदहा वर्षांच्या मुलाला आपण असा अनुभव मोजायला शिकवतो आणि पुढं तो 'तू दिवसभर घरी करतेस काय' असं विचारतो तेव्हा आपल्याला धक्का बसतो.

गंमत अशी, की या बाबतीत अंतराळ आपल्या बाजूचं आहे. जरा विचार करा, यान म्हणजे काय? हवा शुद्ध ठेवायची. पाणी गाळून पुन्हा वापरायचं. शिधा मोजून पुरवायचा. बुरशी चढू द्यायची नाही, गळती शोधायची, आजाऱ्याला वेगळं ठेवायचं. अंतराळात घरकाम हेच जगणं असतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात घाम, श्वासातली वाफ आणि लघवीसुद्धा शुद्ध करून प्यायचं पाणी करतात. ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा २०२३ साली गाठला तेव्हा नासानं ती बातमी म्हणून जगाला सांगितली. आमच्याकडं वेळ नदी उन्हाळ्यात कोरडी पडली आणि चासकमानच्या कालव्याचं आवर्तन लांबलं की तांदळाचं धुवण भांड्याला, भांड्याचं पाणी झाडाला, हे गणित शिरूर तालुक्यातली कुठलीही बाई तोंडपाठ सांगेल. तिची बातमी कुणी दिली नाही, एवढाच फरक. तर मग यानातल्या खेळात पाणी गाळणारी नायिका का नाही? कारण खेळ यानाचा नाहीच. भुयाराचाच आहे, वरून पत्रा मारलेला.

आपल्या देशातल्या एका बाईनं हे १२० वर्षांपूर्वी ओळखलं होतं. बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा १९०५ साली मद्रासच्या इंडियन लेडीज मॅगझिनमध्ये आली. पुरुष पडद्यात, कारभार बायकांच्या हाती, एवढंच सांगून लोक हसतात आणि सोडून देतात. पण त्या देशातल्या शास्त्रज्ञ बायकांनी शोध कशाचे लावले बघा. एका विद्यापीठानं ढगांतून पाणी ओढून घ्यायची युक्ती काढली. दुसऱ्यानं सूर्याची उष्णता साठवली, त्यामुळं स्वयंपाकघरात धूर नाही. शत्रू चालून आला तेव्हा त्याच उष्णतेनं त्याला परतवलं. परीकथेतल्या स्वप्ननगरीचं विज्ञानात भाषांतर त्यांनीही केलं, पण नियम बदलून केलं. पाणी आणि चूल त्यांनी कथेच्या मध्यभागी ठेवली.

खऱ्या अंतराळातसुद्धा नियम कुणी लिहिले ते पदोपदी दिसतं. १९८३ साली सॅली राइड ही पहिली अमेरिकन स्त्री आठवडाभरासाठी यानातून गेली तेव्हा नासाच्या अभियंत्यांनी तिला विचारलं, पाळीसाठी शंभर टॅम्पॉन पुरतील ना? २०१९ च्या मार्चमध्ये दोन स्त्रियांनी मिळून यानाबाहेर चालायचं ठरलं होतं. योग्य मापाचा दुसरा पोशाख तयार नव्हता म्हणून एकीच्या जागी पुरुष गेला. शेवटी ऑक्टोबरमध्ये क्रिस्टिना कोक आणि जेसिका मेअर एकत्र बाहेर पडल्या. चंद्रावर माणूस उतरून तेव्हा ५० वर्षं झाली होती.

हे सगळं अमेरिका-जपानचं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो पुण्यात आहे. आमच्या गावापासून नगर रस्त्यानं दीड-दोन तासांवर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. राक्षस भावाला पळवून नेतात आणि बहीण त्याला सोडवायला निघते. राखीच्या दोऱ्यानं 'भाऊ रक्षण करील' हे जे आपल्या गळी उतरवलं जातं ते या पोरीनं उलटं केलं, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण ती गोष्ट पुराणकाळातली. पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीनं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'इंडस' आणला. भारतीय परंपरेतलं अद्भुत उचलून भविष्यात न्यायचं, असा त्यांचा संकल्प. खेळाडू विरलोक नावाच्या दूरच्या ग्रहावर उतरतात. रंग, नक्षी, वास्तू आपल्याकडच्या. त्या कलाकारांच्या हाताला दाद द्यावीच लागेल. पण उतरून करायचं काय? जमवायच्या बंदुका आणि मारायचं एकमेकांना, शेवटचा उरेपर्यंत. नाहीतर तिथलं मौल्यवान द्रव्य हस्तगत करायचं. हा पबजीचाच नियम. भविष्य भारतीय झालं असं म्हणायचं तर एवढंच, की गोळ्या झाडणाऱ्याच्या मागची कमान आपली आहे.

पुराणातलं नाव घेऊन विज्ञानात शिरणं मराठीला नवीन नाही. जयंत नारळीकरांच्या पहिल्या कथासंग्रहाचं नावच 'यक्षांची देणगी', आणि त्यांच्या 'वामन परत न आला' मध्ये वामनाचं नाव सजावटीला आलेलं नाही; लहान म्हणून ज्याला आत घेतलं तो सगळंच व्यापून बसेल का, हा जुना प्रश्न यंत्राला लावून बघितला आहे. जुन्या गोष्टीला नवा प्रश्न विचारायची ही रीत आपल्याकडं आहे. खेळ करणाऱ्यांनी ती घ्यायला काय हरकत आहे?

'नियम बदलले तर खेळात मजा उरत नाही' असं एका कार्यकर्त्याच्या इंजिनिअर मुलानं मला ऐकवलं. त्याला मी सापशिडीची आठवण दिली. आपल्याकडचा मोक्षपट किंवा ज्ञानचौपड, त्यात साप भरपूर आणि शिड्या थोड्या; दुर्गुण गिळतात, सद्गुण वर नेतात, शेवटचं घर मोक्षाचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हा पट विलायतेत गेला तेव्हा त्यांनी सापांइतक्या शिड्या केल्या, सद्गुण त्यांच्या सोयीचे केले, आणि पुढं तर सगळंच पुसून नुसता शंभरचा आकडा ठेवला. साहेबाला आपला पट बदलता आला आणि मजा गेली नाही. मग साहेबाचा पट आपल्याला का बदलता येऊ नये?

आम्ही तळेगावात बदलून बघितला. किशोरींच्या गटात दहाबारा मुली, सातवी ते अकरावीतल्या. बहुतेकींकडं स्वतःचा फोन नाही, घरातला फोन भावाच्या हातात. (२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात स्वतः वापरायचा फोन असलेल्या बायका सुमारे ५४ टक्के. मुलींचं काय असेल ते आपण जाणतोच.) म्हणून फोन बाजूला ठेवला आणि मूळ कागदी खेळाकडंच गेलो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर यान काढलं, फाशाऐवजी कवड्या घेतल्या. पात्रं चिठ्ठ्या टाकून घेतली, म्हणजे जन्मावरून काही ठरायला नको. अनुभवाचे गुण मारल्याचे नाहीत; बिघडलेलं दुरुस्त केलं, भांडण मिटवलं, नवीन काही शोधलं, कुणाला जगवलं तर मिळणार.

माझी कल्पना होती की मुली गोडगोड खेळतील. कसलं काय! पहिल्या दिवशी अर्धा तास भांडण झालं ते यानात संडास कुठं आहे यावर. नकाशात मी काढलाच नव्हता. 'ताई, मग आपण जायचंच नाही,' असं एकीनं निक्षून सांगितलं, कारण हाच प्रश्न तिच्या शाळेत रोजचा आहे. मग 'पाण्याची पाळी कुणाची' असं कुणीतरी म्हटलं आणि सगळ्या हसत सुटल्या. त्या हसण्यातून पाळीवर जेवढं मोकळं बोलणं झालं तेवढं आमच्या आरोग्याच्या तक्त्यांनी कधी केलं नव्हतं. कप्तानानंही गाळणी धुवायची की नाही यावर मतदान झालं. यानातला शिधा संपत आला तेव्हा मी सूत्रधार म्हणून विचारलं, एकाला बाहेर सोडायचं का? आठवीतल्या मुलीनं कवड्या उचलून खिशात घातल्या. 'माणसावर कवड्या टाकायच्या नाहीत.' तो आता आमच्या खेळाचा नियम आहे.

आणि एक दहावीतली मुलगी. तिच्या घरी स्थळं बघणं चाललं होतं, आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. खेळात यान पृथ्वीवर परतायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, 'माझी बाई उतरणार नाही.' का, तर 'खाली तिचं ठरवून टाकलंय.' एवढंच. सोंगाच्या आडून निघालेलं ते वाक्य पकडून आम्ही तिच्या घरी गेलो, आईशी बोललो, नंतर वडिलांशी. अजून बोलणं चालू आहे. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या जवळजवळ २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, असं तीच पाहणी सांगते. पाणी-रेशन-केसेस आधी म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी विचारते, ही केस आपल्याला कुठल्या अर्जातून कळली असती?

एका बैठकीत मला सांगण्यात आलं की हे करण्यापेक्षा मुलींना झाशीच्या राणीचा खेळ द्या, स्फूर्ती मिळेल. राणीबद्दल आदर आहेच. पण घोडा, तलवार आणि पाठीवर मूल हे चित्र उचलून मंगळावर ठेवलं की काम झालं, असं नाही. पाठीवर मूल का, ते मूल यानात कोण सांभाळणार, हे प्रश्न तिथंही उतरतात. 'वॉरहॅमर ४०,०००'च्या कंपनीनं २०२४ साली एवढंच सांगितलं की सम्राटाच्या खास रक्षकदलात स्त्रियाही असतात, तर जगभरचे काही पुरुष खेळाडू आपलं घर कुणी लुटल्यासारखे चवताळले. बाहुलीच्या चिलखताआड बाई आहे ही कल्पनाही सहन होत नाही, इतकं हे दुर्ग त्यांनी आपलं मानलेलं आहे. ते फुटायला हवेत, पण तेवढ्यानं भागणार नाही. चवताळलेल्यांना नियम बदलल्याची भीती आहे. निदान त्यांना खेळाचं महत्त्व आपल्यापेक्षा जास्त कळलं आहे.

सरकारनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी, ई-स्पोर्ट्सना मात्र उत्तेजन. पैसे लावणाऱ्या घरातल्या बायकांनी काय भोगलं ते बघता बंदीचं स्वागतच आहे. पण उत्तेजन द्यायच्या खेळांत मुली किती, त्यांच्याशी पडद्यामागं कसं बोललं जातं, कुठल्या खेळाला उत्तेजन, हे प्रश्न आपणच लावून धरावे लागतील. बंदी मागण्यात मला रस नाही. बंदी आली की पहिला फोन मुलीच्याच हातातून काढून घेतला जातो.

आपल्या गटांनी दोन गोष्टी कराव्यात असं वाटतं. पुण्या-मुंबईतल्या गटांनी खेळ करणाऱ्या कंपन्यांत काम करणाऱ्या मुलींना गाठावं. त्या आहेत, एकट्या आहेत, आणि नियम जिथं लिहिले जातात त्या खोलीत बसतात. गावाकडच्या गटांनी कॅलेंडर आणि कवड्या घ्याव्यात. आमच्या खेळाचे नियम चार पानांत मावतात, मागितले तर पाठवू, पण तुमच्याकडच्या मुली ते बदलतील हे धरून चाला. आमच्या मुलींनी आताच तिसऱ्यांदा बदलले आहेत. सध्या वाद चालला आहे तो यानाला कप्तान लागतोच का यावर, आणि परकर-पोलक्यातली सगळ्यांत लहान मुलगी हट्टाला पेटली आहे की लागतो, आणि यंदा तीच होणार.